स्वागताला सत्तर, तिसऱ्या महिन्यात पाच. आमचं कुठे चुकतंय?

मंजिरी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी अकरा वर्षांपूर्वी शिकायला परदेशात आले आणि पुढे इथेच राहिले. गेली सहा वर्षं इथल्या एका छोट्या स्वयंसेवी संस्थेत काम करते. संस्था कुठल्या एका देशाची किंवा भाषेची नाही. वस्तीतली मंडळी, काही निवृत्त शिक्षक आणि माझ्यासारखे दोन-तीन जुने विद्यार्थी, असे आम्ही चौदा जण आहोत. बाहेरच्या देशांतून विद्यापीठात आलेल्या मुलांना इथे रुळायला मदत करायची, एवढंच आमचं काम. विमानतळावरून आणायचं, खोली मिळेपर्यंत आठ-दहा दिवस कुणाच्या तरी घरी सोय करायची, बँकेत खातं उघडताना सोबत जायचं. आठवड्यातून एकदा इथल्या भाषेत गप्पांचा तास असतो. आणि एक उसनवारीची खोली आहे.

त्या खोलीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. पांघरुणं, भांडी, टेबललॅम्प, इस्त्री, सायकली असं सगळं तिथे असतं. नवीन मुलं घेऊन जातात, शिक्षण संपलं की परत आणून देतात. दोन वर्षांपूर्वी असाच एक टेबललॅम्प परत आला. पुसायला म्हणून उलटा केला तर बुडाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या, एकीखाली एक, चार. पहिलीची शाई पार फिकट झालेली: 'बटण दोनदा दाबावं लागतं.' तिच्याखाली दुसऱ्याच अक्षरात: 'दोनदा नाही, एकदाच, पण जोरात.' तिसरी: 'माझा प्रबंध याच्या उजेडात पूर्ण झाला.' आणि चौथी, बारीक अक्षरात: 'पहिली परीक्षा वाईट जाते. घाबरू नकोस, दुसरी तशी जात नाही.' सगळं मोडक्यातोडक्या स्थानिक भाषेत. ही चार मुलं एकमेकांना कधीही भेटलेली नाहीत. तो दिवा हातात धरून मी बराच वेळ तिथेच बसून होते.

आता प्रश्न. दर वर्षी सत्राच्या सुरुवातीला आम्ही स्वागताचा मोठा कार्यक्रम करतो. गेल्या वर्षी सत्तर मुलं आली होती. हॉल भरला, गाणी झाली, फोटो झाले. तिसऱ्या महिन्यात गप्पांच्या तासाला पाच जण. त्याआधीच्या वर्षीही असंच. आमच्यातले काही म्हणतात, मुलांची गरज संपली, रुळली ती, चांगलंच आहे की. काही म्हणतात, कार्यक्रम आणखी मोठे करू. मला दोन्ही पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

स्वागताला आलेल्या त्या सत्तरांतला एक मुलगा पुढे तीन आठवडे खोलीबाहेर पडला नव्हता. आम्हाला कळलं ते त्याच्या घरमालकिणीचा फोन आला तेव्हा. वर्ग बुडालेले, घरी मात्र रोज फोनवर 'सगळं मजेत आहे' चाललेलं. आता तो सावरलाय, डॉक्टरांची मदत मिळाली, अभ्यासालाही लागलाय. पण तो येत नाही हे आमच्या चौदा जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. ते मला अजून बोचतं.

तुमच्यापैकी जे बाहेर शिकले त्यांना विचारते. कुठल्या संस्थेचा, मंडळाचा, गटाचा तुम्हाला खरोखर आधार झाला का? नेमकं काय केलं त्यांनी? आणि जाणं सोडलं असेल तर का सोडलंत? स्पष्ट लिहा, मी राग मानणार नाही.

वाटसरू

मंजिरीताई, तुमचा दिव्याचा किस्सा वाचला आणि लिहायला बसलो.

पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाने एक फॉर्म दिला होता. त्यात 'आणीबाणीत कुणाला कळवायचं' असा रकाना होता आणि खाली बारीक टीप, याच शहरातला पत्ता हवा. माझं वय तेवीस. या गावात मला ओळखणारं चिटपाखरू नव्हतं. बाकीचा सगळा फॉर्म भरला आणि तेवढी ओळ कोरी ठेवून दिला. खिडकीपलीकडच्या बाईंनी परत केला. 'ही ओळ राहिली.' मी म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, मग कुणाला तरी विचारून या.

त्या दिवशी संध्याकाळी एका संस्थेच्या गप्पांच्या तासाला मी पहिल्यांदाच गेलो होतो. तास संपल्यावर एक आजोबा खुर्च्या आवरत होते. मला म्हणाले, 'जरा ही बाजू धर.' मी धरली. आम्ही दोघांनी मिळून चाळीसेक खुर्च्या भिंतीला लावल्या. अर्धा तास लागला असेल, आणि बोलणं फारच थोडं झालं, कारण माझी भाषा कच्ची होती. निघताना धीर करून तो फॉर्म पुढे केला. त्यांनी काही विचारलं नाही. चष्मा लावला, स्वतःचं नाव, पत्ता, नंबर लिहिला आणि नात्याच्या जागी 'मित्र' असं लिहिलं.

त्या नंबरवर कुणाला फोन करायची वेळ कधी आली नाही. पण त्या गावात मी दोन वर्षं राहिलो ते त्या एका ओळीच्या जोरावर, असं मला आजही वाटतं.

आणखी एक, ते जास्त कामाचं आहे. 'तुला काय मदत हवी?' असं कुणी विचारलं की मी हमखास 'काही नको' म्हणायचो. आपल्यातली बहुतेक मुलं तेच म्हणतील. घरून निघताना सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवून पाठवलेलं असतं, मग मला जमत नाहीये हे कुठल्या तोंडाने सांगणार? पण 'जरा ही बाजू धर' याला 'नको' म्हणता येत नाही. पुढच्या आठवड्यात मी गेलो तो भाषेसाठी गेलो नव्हतो. आजोबा एकटे खुर्च्या कशा लावतील, म्हणून गेलो. तिसऱ्या महिन्यात हॉलची किल्ली माझ्याकडे आली. ती किल्ली खिशात असताना पहिल्यांदा वाटलं की या गावात आपलं काहीतरी आहे.

तुमचा स्वागताचा कार्यक्रम उत्तमच असेल. पण त्यात ती सत्तर मुलं पाहुणी असतात, आणि पाहुणा कधीतरी निघतोच. त्यांना पहिल्याच दिवशी काहीतरी काम द्या.

जुईली

मी एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागात आठ वर्षं नोकरी करतेय, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने लिहिते.

'कल्चर शॉक', म्हणजे परक्या देशात गेल्यावर येणारं गोंधळलेपण, हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवणारा माणूस म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग. १९५४ मध्ये रिओ दि जानेरोमधल्या एका महिला मंडळासमोर त्याने यावर भाषण दिलं, ते पुढे १९६० मध्ये छापून आलं. म्हणजे हा शब्द रुळला त्यातही एका मंडळाचा वाटा आहे. १९५५ मध्ये नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या २०० जणांच्या मुलाखती अभ्यासल्या. सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे. मधल्या काळातले सगळ्यात कमी रुळलेले. सुरुवातीची हौस, मग घसरण, मग सावरणं, असा तो इंग्रजी 'यू'सारखा आलेख तिथून आला.

आमच्याकडे वर्षानुवर्षं त्या आलेखाचं चित्र नव्या मुलांना दाखवत असत. मी ते बंद करायला लावलं. कारण १९९८ च्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून चोवीस तासांच्या आत गाठलं आणि मग वर्षभर त्यांची विचारपूस करत राहिले. त्या मुलांना सगळ्यात जड गेला तो पहिलाच दिवस. हौस वगैरे काही नव्हती. मग चित्र पाहून ज्या मुलाला पहिल्याच रात्री रडू फुटतं, त्याला वाटतं की आपण नापास झालो, आपल्याला तर आत्ता मजा यायला हवी होती. एका मुलीने मला हे अगदी याच शब्दांत सांगितलं होतं.

तेव्हा ठरावीक महिना धरून बसू नका. कुणाची घसरण पहिल्या रात्री होते, कुणाची पहिला निकाल लागल्यावर, कुणाची सुट्टीत, वसतिगृह रिकामं झालं की. सुट्टीकडे खास लक्ष द्या. तेव्हा विद्यापीठातले सगळे विभाग बंद असतात आणि ज्यांना घर जवळ नाही तीच मुलं मागे उरतात. आमच्या हातात तेव्हा काहीच नसतं. तुमच्यासारख्या संस्था मात्र तेव्हाही दार उघडं ठेवू शकतात. ते तुम्ही केलंत तर आमच्यासारख्यांवर फार उपकार होतील.

आणि मंजिरी, त्या मुलाचं ओझं एकट्याने वाहू नकोस. खोलीत बंद झालेलं मूल आमच्याही नजरेतून सुटतं, आमच्याकडे तर हजेरीची यंत्रणा आहे.

श्रीपाद काका

माझं शिक्षण बाहेर झालं नाही, पण मुलगी आणि पुतण्या दोघं बाहेर शिकले, आणि मी स्वतः परक्या मुलांना सुट्टीच्या दिवशी घरी बोलावण्याच्या एका उपक्रमात यजमान आहे. म्हणून दोन गोष्टी.

न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल हाउसची, म्हणजे देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची, जन्मकथा मला फार आवडते. १९०९ साली हॅरी एडमंड्स नावाच्या तरुणाने कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज 'गुड मॉर्निंग' म्हटलं. तो मुलगा थांबला आणि म्हणाला, न्यूयॉर्कला येऊन मला तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्सने हे घरी बायकोला सांगितलं. दोघांनी परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी संध्याकाळी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. मुलं वाढत गेली, घर पुरेना. पुढे धाकट्या जॉन रॉकफेलरांनी पैसा दिला आणि १९२४ मध्ये इंटरनॅशनल हाउसची इमारत उघडली. बर्कलीला १९३० मध्ये आणि शिकागोला १९३२ मध्ये तशीच घरं उभी राहिली.

मला यातला रविवार महत्त्वाचा वाटतो. वर्षातून एकदा सत्तर जणांना बोलावणं आणि दर रविवारी सहा जणांना बोलावणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दर रविवारी येणारा एखादा रविवारी आला नाही, तर त्याची खुर्ची रिकामी दिसते.

दुसरी गोष्ट आपल्या आपल्या माणसांच्या मंडळांची. लोक म्हणतात, तिथे जाऊन मुलं कोंडून घेतात, स्थानिकांत मिसळत नाहीत. मला हे अर्धवट वाटतं. मानसशास्त्रज्ञ स्टीफन बॉकनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की परदेशी विद्यार्थ्याच्या मैत्रीची तीन वर्तुळं असतात आणि तिन्हींचं काम निराळं असतं. आपल्या देशाच्या मित्रांजवळ आपली भाषा, आपलं वागणं जपलं जातं. स्थानिक मित्रांकडून अभ्यासाची, नोकरीची, कामकाजाची वाट कळते. आणि इतर देशांतून आलेल्यांबरोबर मोकळा वेळ छान जातो, कारण सगळेच नवखे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. दिवसभर परक्या भाषेत वाक्यं जुळवून थकलेल्या पोराला संध्याकाळी तासभर आपल्या भाषेत बोलता आलं, तर त्यात कोंडून घेणं कुठे आलं? तो श्वास घेतोय.

एक काळजीचा मुद्दा मात्र आहे. आपल्या माणसांच्या ग्रुपवर व्हिसाबद्दल जो तो सल्ला देतो. माझ्या पुतण्याला अशाच एका हितचिंतकाने सांगितलं की सत्र चालू असताना ठरलेल्या तासांपेक्षा थोडं जास्त काम केलं तरी चालतं, कुणी पाहत नाही. त्याने वेळीच विद्यापीठात विचारलं म्हणून निभावलं, नाहीतर व्हिसाच गेला असता. ब्रिटनमध्ये तर एखाद्या संस्थेला व्हिसाचा सल्ला फुकट द्यायचा असला तरी अधिकृत परवानगी लागते. तुमच्या स्वयंसेवकांना सांगून ठेवा: सोबत जा, फॉर्म वाचून दाखवा, पण 'असं कर, चालतं' म्हणू नका. तीच गोष्ट घरभाड्याची. खोली डोळ्यांनी न पाहता डिपॉझिट पाठवू नका, हे मुलं निघण्याआधीच त्यांना कळायला हवं. इथे पोचल्यावर कळून उपयोग नाही, पैसे गेलेले असतात.

रात्रपाळी

मी त्या पासष्टांपैकी आहे. म्हणजे तुमच्या संस्थेतली नाही, दुसऱ्या देशातली, पण तशीच.

मीही स्वागताला गेले होते. सगळे खूप चांगले वागले. पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, 'कसं वाटतंय इथे?' आणि मी पाचही जणांना 'छान' म्हटलं. माझं नाव दोनदा चुकीचं म्हटलं गेलं, मी दुरुस्त केलं नाही. तिसऱ्या वेळी ते चुकीचंच माझं नाव झालं. फोटोत मला पुढे उभं केलं. तो फोटो अजून त्यांच्या पानावर आहे, माझं हसू चांगलं आलंय त्यात.

परत का गेले नाही? पहिलं कारण अगदी साधं, माझी कामाची पाळी. सगळे कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी आणि तीच माझी कामाची वेळ. भाडं त्यावर चालतं. दुसरं, मला कळलं नाही की दर वेळी वर्गणी द्यावी लागते का. विचारायची लाज वाटली. आत्ता लिहिताना हे किती लहान कारण वाटतंय, पण तेव्हा दाराशी जाऊन परत फिरले होते. तिसरं म्हणजे आत सगळे घोळके झालेले होते.

एका गोष्टीने मात्र आधार दिला, ती सांगते. वस्तीतल्या वाचनालयात शनिवारी सकाळी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. तिथल्या बाईंनी विचारलं, तुझ्या भाषेतली एक गोष्ट सांगशील का? मी म्हटलं मुलांना कळणार नाही. त्या म्हणाल्या, आवाज तर कळेल. मी मराठीत चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली, चित्रं दाखवत. एका पाच वर्षांच्या मुलाने माझं नाव विचारलं आणि बरोबर येईपर्यंत सहा वेळा म्हणून पाहिलं. आता रस्त्यात दिसला की तो लांबून हाक मारतो. त्याची आई पण बोलते. मागच्या महिन्यात मला ताप होता तेव्हा तिनेच औषध आणून दिलं.

मंजिरीताई, एक विनंती. नावं नीट शिका. पहिल्या दिवशी नाही आलं तरी चालेल, पण चुकलं तर पुन्हा विचारा. आणि सूचनेच्या कागदावर 'पैसे लागत नाहीत' हे मोठ्या अक्षरात लिहा.

वाटसरू

रात्रपाळी, तुमची गोष्ट आणि माझ्या खुर्च्या एकाच जातीच्या आहेत. तुमच्याकडून काहीतरी मागितलं गेलं.

युरोपातलं इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क पण असंच उभं राहिलं. एका देशातल्या विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना १९८७ ची, आणि दोनच वर्षांनी त्यातून शिकून परतलेल्या मुलांनी नव्याने येणाऱ्यांसाठी हे जाळं विणायला घेतलं. आज तिथे नवख्यांना सोबत करणारे स्वतः विद्यार्थीच असतात, त्यांतले बरेच बाहेर शिकून आलेले. मंजिरीताई, तुमच्या संस्थेत चौदा जण आहेत म्हणालात. त्यांत आत्ता शिकत असलेली मुलं किती?

मंजिरी

एकही नाही. तुमचा प्रश्न वाचून मी यादी पुन्हा मोजली.

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा आमची बैठक झाली आणि हे सगळं मी तिथे भाषांतर करून वाचून दाखवलं. वाचनालयाचा भाग वाचताना आमच्या एक निवृत्त शिक्षिका उठून खिडकीशी गेल्या.

काय ठरलं ते लिहिते. स्वागताचा कार्यक्रम राहील, पण छोटा. गप्पांचा तास शुक्रवारवरून हलवून आठवड्यात दोनदा ठेवतोय, एकदा संध्याकाळी, एकदा सकाळी, म्हणजे पाळ्या करणाऱ्यांनाही येता येईल. सुट्टीत हॉल रोज दुपारी उघडा राहील. किल्ली कुणाकडे असेल त्याचं वेळापत्रक मुलंच करतील. आमच्यातल्या प्रत्येकाने पाच-पाच नावं वाटून घेतली आहेत. दोन आठवडे कुणी दिसलं नाही तर त्याला फोन जाईल, आणि 'कसं वाटतंय' हा प्रश्न विचारायचा नाही असंही ठरलंय. आणि स्वागताच्या दिवशी ज्याला हवं असेल त्याला त्या कोऱ्या ओळीसाठी आमच्यापैकी एकाचा नंबर. यावर थोडा वाद झाला, जबाबदारी कुणाची वगैरे. चौदापैकी नऊ जण तयार झाले.

जुईली, तू लिहिलंस ते रात्री दोनदा वाचलं.

काल त्या मुलाला भेटायला गेले होते, जो तीन आठवडे खोलीत होता. त्याला सांगितलं की उसनवारीच्या खोलीतल्या सायकलींचे ब्रेक तपासायला माणूस हवाय, मला त्यातलं काही कळत नाही. हे खरंच आहे, मला कळत नाही. तो म्हणाला, किती सायकली? मी म्हटलं, नऊ. त्याने विचारलं, पाना आहे का तुमच्याकडे, की मी घेऊन येऊ?